चिंगीची रेबीजची लस: गेल्या वर्षीच्या त्रासानंतर यंदा काय करावे?

सोनचाफा (मूळ लेखन)

आमची चिंगी ही नऊ वर्षांची स्पिट्झ आहे. तिचे वजन साडेसात किलो असून आम्ही दादर पश्चिमेला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या वर्षी जूनमध्ये तिला रेबीजची आणि ‘नाइन-इन-वन’ची (अनेक रोगांवरची एकत्रित लस) अशा दोन लसी एकाच भेटीत टोचण्यात आल्या. दवाखान्यातून निघून आम्ही टॅक्सीत बसलो आणि घर येईपर्यंत तिचे नाक-तोंड सुजू लागले. जिना चढताना तिला दोनदा उलटी झाली, मग पातळ शौच झाले आणि ती जी आडवी पडली ती मान वर करीना. तिला तसेच उचलून परत नेले. डॉक्टरांनी दोन इंजेक्शने दिली, सलाईन लावले आणि रात्री नऊच्या सुमारास ती उठून पाणी प्यायली. मधल्या तीन तासांत मी तिच्या हिरडीवर बोट दाबून गुलाबी रंग परततो आहे की नाही एवढेच पाहत बसले होते.

यंदाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. महापालिकेच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी रेबीज लसीचे चालू प्रमाणपत्र लागते आणि आमच्या सोसायटीच्या सचिवांनीही त्याची प्रत मागितली आहे. कायदा चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्या जनावराला लसीने प्रत्यक्ष त्रास झाला आहे त्याच्या मालकाने शंका विचारली की त्याला लगेच बेजबाबदार ठरवले जाते, हा अनुभव मला दोन ठिकाणी आला, म्हणून येथे विचारते आहे. चिंगी घराबाहेर जाते ती फक्त पहाटे शिवाजी पार्कच्या कट्ट्यापर्यंत, आणि तीही पट्ट्यावर. अशा वयस्क कुत्रीला लसीतून सूट मिळू शकते का? परदेशात तीन वर्षांनी एकदा लस देतात असे वाचले, ते आपल्याकडे का चालत नाही? आणि रक्त तपासून आधीच्या लसीची शक्ती शिल्लक आहे असे दिसले, तर ते पुरेसे मानता येईल का?

गिरणगाव

सोनचाफाताई, तुमच्या भीतीचा मान राखून माझी एक आठवण सांगतो. १९७८ साली आम्ही काळाचौकीच्या चाळीत राहत होतो. आमच्याच मजल्यावरच्या एका कुटुंबाने पाळलेला कुत्रा माझ्या बरोबरीच्या एका मुलाला पोटरीला चावला. रस्त्यावरचे नव्हे, घरातले कुत्रे होते, सगळ्यांच्या हातची पोळी खाणारे, म्हणून कोणाला काही वाटले नाही. जखमेवर हळद आणि चुना लावला गेला. काही दिवसांनी तो कुत्रा मेला तेव्हाही कोणी दोन गोष्टींची सांगड घातली नाही. त्या काळी पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत आणि त्यांच्या धास्तीने माणसे दवाखान्याची वाट टाळत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून तयार केली जाई, आणि २००४ मध्ये ती आपल्या देशात बंद झाली. दोन महिन्यांनी त्या मुलाला पाण्याचा पेला समोर आणला की घशात आचके येऊ लागले. त्याला चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात नेले आणि तो परत आला नाही.

चिंगी बाहेर फारशी जात नाही, हे त्या कुत्र्याबद्दलही खरे होते. तो चाळीच्या अंगणापलीकडे जात नसे. अंगणात दुसरे कुत्रे येत असे, इतकेच. लक्षणे एकदा दिसू लागली की या रोगावर आजही खात्रीचा उपचार नाही, म्हणून पट्टा आणि तिसरा मजला यांच्यावर मी विसंबणार नाही.

खाडीकाठ

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलो आणि पस्तीस वर्षे व्यवसाय करून आता निवृत्त आहे. चिंगीला मी तपासलेले नाही, तेव्हा अखेरचा शब्द तिच्या डॉक्टरांचाच राहील. मात्र सोनचाफाताईंनी जे लिहिले आहे त्यात काही गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, तोंडावरची सूज, उलटी, जुलाब आणि ग्लानी हे सारे तासाभरात झाले असेल तर ती ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया होती. कुत्र्यांमध्ये अशा प्रतिक्रियेचा मोठा आघात यकृतावर आणि आतड्यांवर होतो. त्यामुळे लसीनंतरच्या उलटी-जुलाबाला ‘प्रवासामुळे झाले असेल’ म्हणून सोडून देणे धोक्याचे असते. आपण ताबडतोब परत फिरलात, हे फार योग्य केलेत आणि हिरड्यांचा रंग पाहत बसलात तेही योग्यच होते, कारण फिकट पडलेली हिरडी हे रक्तदाब उतरल्याचे एक चिन्ह असते.

दुसरी गोष्ट, प्रतिक्रिया नेमकी कोणत्या लसीची होती हे आज कोणालाच सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकाच वेळी दिल्या होत्या. ‘नाइन-इन-वन’मध्ये डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस या रोगांबरोबर लेप्टोस्पायरा या जंतूवरचेही घटक असतात, आणि लहान चणीच्या कुत्र्यांत एकाच दिवशी जितक्या अधिक लसी तितका धोका अधिक, हे आकडेवारीने दाखवलेले आहे. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १२ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लसीनंतरच्या तीन दिवसांत दर १०,००० कुत्र्यांमागे सुमारे ३८ कुत्र्यांना काही ना काही त्रास झाल्याचे त्यांत आढळले. दहा किलोपर्यंतच्या कुत्र्यांत प्रत्येक जादा लसीमागे हा धोका २७ टक्क्यांनी वाढत होता, तर मोठ्या कुत्र्यांत १२ टक्क्यांनी. चिंगी साडेसात किलोची आहे. म्हणजे रेबीजची लस टाळण्यापेक्षा ती एकटी देणे आणि दुसरी लस निदान तीन-चार आठवडे लांबवणे, हा बदल तिच्या बाबतीत खरोखर उपयोगी ठरू शकतो.

आता प्रत्यक्ष कसे करावे ते सांगतो. गेल्या वर्षीच्या दोन्ही लसींची नावे आणि बॅच क्रमांक कार्डावरील स्टिकरवरून उतरवून घ्या आणि शक्य असल्यास यंदा रेबीजची लस वेगळ्या कंपनीची द्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. लसीच्या आधी ॲलर्जीविरोधी औषध द्यायचे की नाही, आणि किती, हे त्यांनीच ठरवायचे आहे, घरातल्या गोळ्या देऊ नका. वेळ सकाळची घ्या, म्हणजे काही झालेच तर दिवसभर दवाखाना उघडा असतो. संध्याकाळी आठ वाजता लस टोचून घरी जाणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत आणि रात्री अकरा वाजता त्यांना कोणाचे दार ठोठावायचे हे कळत नसे. टोचल्यानंतर किमान तासभर दवाखान्यातच थांबा. अंगात ताप असेल, पोट बिघडलेले असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल तर तारीख पुढे ढकला.

आणि एक कळकळीची विनंती. ‘लहान कुत्री आहे, अर्धाच डोस द्या’ असा आग्रह धरू नका. रेबीजची लस वजनाच्या हिशेबाने दिली जात नाही, चिहुआहुआला आणि ग्रेट डेनला मात्रा सारखीच असते. अर्ध्या मात्रेने ॲलर्जी टळतेच असे नाही आणि संरक्षणाची हमी मात्र जाते. ही लस मृत विषाणूंपासून बनवलेली असते, त्यामुळे तिच्यातून रेबीज होण्याची शक्यताच नसते, हेही येथे नोंदवून ठेवतो, कारण तो प्रश्न मला व्यवसायात शेकडो वेळा विचारला गेला.

पारिजात

मी मूळची पार्ल्याची, गेली एकोणीस वर्षे न्यू जर्सीत राहते. तीन वर्षांच्या लसीचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. अमेरिकेत रेबीजच्या लसीचा कायदा राज्यागणिक वेगळा आहे. बहुतेक ठिकाणी पिल्लाची पहिली लस एक वर्ष ग्राह्य धरतात आणि त्यानंतर, तीन वर्षांसाठी मान्यता मिळालेली लस वापरली असेल, तर पुढची तीन वर्षांनी. लसीच्या बाटलीत फारसा फरक नसतो, फरक असतो तो त्या लसीला कोणत्या चाचणीवर किती मुदतीची मान्यता मिळाली आहे यात. अनेक राज्यांत आजारी किंवा पूर्वी गंभीर प्रतिक्रिया आलेल्या कुत्र्यासाठी पशुवैद्याच्या पत्रावर सवलत मिळते. माझ्या शेजारणीच्या कुत्र्याला रक्ताचा आजार होता, त्याला ती मिळाली होती. मात्र ती मिळाल्यावर तो कुत्रा कायद्याच्या दृष्टीने लस न घेतलेलाच राहिला. त्याची एखाद्या रॅकूनशी (येथला एक रानटी प्राणी) झटापट झाली असती तर त्याला कित्येक महिने वेगळे कोंडून ठेवावे लागले असते, हे त्या बाईंकडून लिहून घेतले होते.

येथली सवलत मुंबईला जशीच्या तशी लागू करता येईल असे मला वाटत नाही. कुत्र्यांमधून कुत्र्यांत पसरणारा रेबीजचा प्रकार अमेरिकेतून संपल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले, येथे भीती असते ती वटवाघळे, रॅकून, कोल्हे यांची. भारतात रोग पसरतो तो कुत्र्यांमधूनच. जगात दरवर्षी रेबीजने सुमारे ५९,००० माणसे मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू भारतातले मानले जातात. तरीही परवान्याच्या अर्जात वैद्यकीय कारणासाठी एक वेगळा रकाना असावा, ज्यात डॉक्टरांनी कारण, मुदत आणि घ्यायची काळजी लिहून द्यावी, असे मला मनापासून वाटते. असा उघड मार्ग असला म्हणजे घाबरलेला मालक गप्प बसून तारीख उलटू देत नाही.

खाडीकाठ

पारिजातताईंचे म्हणणे मला पटते. रक्ततपासणीचा प्रश्न राहिला होता, त्याचे उत्तर देतो. रक्तातील प्रतिपिंडांचे (रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडींचे) प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून अधिक असेल, तर लसीला प्रतिसाद मिळाला असे धरतात. कुत्रा युरोपात न्यायचा असेल तेव्हा ही तपासणी मागितली जाते, पण तीही लसीच्या जोडीला, लसीच्या जागी नव्हे. परवान्यासाठी लागते ते लसीचे प्रमाणपत्र आणि आपल्याकडे त्यावर पुढची तारीख एका वर्षानंतरची टाकली जाते. चिंगीच्या तपासणीचा निकाल चांगला आला तर डॉक्टरांना दोन-चार आठवडे थांबण्याचा निर्णय घेताना धीर येईल, याहून अधिक उपयोग मला दिसत नाही.

टिळकपूल

चर्चा लसीच्या त्रासाची चालली आहे, मला लसीच्या कागदाबद्दल बोलायचे आहे, आणि तो विषय याच धाग्यात यावा असे वाटते. मुलुंडला राहत असताना आमच्या कुत्र्याला मी दोन वर्षे एका दवाखान्यात नेत होतो. तिथे कार्डावर शिक्का आणि तारीख मिळे, स्टिकर कधीच लावलेला नसे. मीही कधी विचारले नाही. मग एके सकाळी आमच्या कुत्र्याने वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाच्या मनगटाचा चावा घेतला. मुलाला घेऊन मी महापालिकेच्या रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड पाहिले आणि बॅच क्रमांक कुठे आहे असे विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. लस खरोखर दिली होती का, दिली असेल तर ती थंड ठेवलेली होती का, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट समजली. माझे कार्ड निर्दोष असते, तरीही त्या मुलाची इंजेक्शने सुरूच केली गेली असती. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची, त्याच दिवशी पहिली लस घ्यायची आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे, असा तिथला क्रम होता. रक्त आलेले असल्यामुळे जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे औषध) टोचले. तो मुलगा सतरा वर्षांचा होता, पहाटे चार वाजता उठून पेपर टाकायचा आणि मग कॉलेजात जायचा. ते दहा दिवस मी रोज संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन कुत्रा ठीक आहे असे सांगत असे. त्याची आई दारातच उभी असायची, मला पाहिल्याशिवाय ती आत जात नसे.

सोनचाफाताई, लस घ्यायची की नाही हा निर्णय आपल्या घरात होतो, पण दूधवाला, पेपरवाला, कचरा नेणाऱ्या बाई आणि लिफ्टमधली मुले यांना त्यात काही विचारले जात नाही. कागदावर मला आता चार गोष्टी दिसाव्याच लागतात. त्या म्हणजे बाटलीवरचे स्टिकर, त्यावरील अंतिम तारीख, डॉक्टरांची सही आणि त्यांचा नोंदणी क्रमांक. बाटली फ्रीजमधून माझ्यासमोर काढा असेही मी आता सांगतो, कारण ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते.

उत्तररात्र

मी आमच्या गल्लीतल्या सहा कुत्र्यांना खाऊ घालते आणि त्यांतलीच एक आता माझ्या घरी असते. कळपातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, म्हणून नसबंदी केलेल्या भटक्या कुत्र्यांना त्याच वेळी रेबीजची लस देऊन कानाला खूण करून सोडतात. त्यांना पकडायला जाळी लागते, माणसे लागतात, गाडी लागते. आपल्या कुत्र्याला केवळ हाक मारावी लागते. चिंगीची गोष्ट वेगळी आहे हे मला मान्य आहे, पण ज्यांच्या धडधाकट कुत्र्यांना कधीच काही झालेले नाही तेही हल्ली ‘लसीने म्हणे त्रास होतो’ एवढ्याच ऐकीव भांडवलावर तारखा चुकवतात, त्याचे मला फार वाईट वाटते.

चौथामजला

मी एका सोसायटीचा सचिव आहे. आम्ही प्रमाणपत्राची प्रत मागतो ती कोणाला घालवून देण्यासाठी नव्हे. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे पशु कल्याण मंडळाने स्पष्ट केलेले आहे आणि ते आम्हाला मान्य आहे. मात्र पाळीव कुत्र्याचा परवाना मुंबईत सक्तीचा असून तो १८८८ च्या महापालिका अधिनियमाखाली दिला जातो, त्यामुळे तो आहे की नाही एवढे विचारणे गैर नाही. डॉक्टरांनी ‘लस चार आठवडे पुढे ढकलली आहे’ असे लिहून दिले तर निदान आमच्या इमारतीत ते पत्र स्वीकारले जाईल आणि फलकावर त्याची चर्चा होणार नाही.

सोनचाफा

सर्वांचे आभार. गिरणगावकाका, तुमची आठवण वाचून मी घरातल्या सर्वांना ती मोठ्याने वाचून दाखवली. त्यानंतर सूट मिळवण्याचा विचार मी सोडून दिला.

काल कार्ड काढून पाहिले. रेबीजच्या लसीचे स्टिकर होते, दुसरीचे नव्हते, त्या जागी फक्त पेनाने नाव लिहिलेले होते. नव्या डॉक्टरांना सगळा प्रकार सांगितला. त्यांनी चिंगीच्या फायलीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने गेल्या वर्षीची तारीख, लक्षणे आणि दिलेली औषधे लिहिली. हे गेल्या वर्षी व्हायला हवे होते असे मला वाटले, पण मीही तेव्हा मागितले नव्हते. शनिवारी सकाळी साडेनऊची वेळ ठरली आहे, फक्त रेबीजची. पावसाळा जवळ आला आहे आणि हिंदमाताला पाणी साचले की लेप्टोची काळजी असतेच, म्हणून दुसऱ्या लसीचा विचार महिनाभराने वेगळा करू असे त्या म्हणाल्या. तोवर तिला साचलेल्या पाण्यात न्यायचे नाही.

सोनचाफा

शनिवारचे कळवते. आधी ताप आणि वजन पाहिले, मग एक इंजेक्शन दिले, अर्ध्या तासाने लस दिली. आम्ही पावणेबारापर्यंत तिथेच बाकावर बसलो होतो. डॉक्टर दर पंधरा मिनिटांनी येऊन तिच्या हिरड्या पाहत होत्या. सूज आली नाही, उलटी झाली नाही. दुपारभर ती झोपून होती, रात्री दहीभात खाल्ला. आज मानेच्या मागे, जिथे टोचले तिथे, वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते आहे. दाबले तर ती मान काढून घेते. खाडीकाठ डॉक्टर, याची काळजी करायची का?

खाडीकाठ

बहुधा नाही. टोचलेल्या जागी अशी गाठ येते आणि काही आठवड्यांत विरते. शेकू नका, चोळू नका. आठवड्यातून एकदा बोटाने अंदाज घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. ती मोठी होऊ लागली, त्या जागचे केस जाऊन कातडी काळवंडली किंवा महिन्याने जशीच्या तशी राहिली, तर दाखवायला जा. आणि ही गाठसुद्धा त्या लाल शाईच्या खाली लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी डॉक्टर दुसरे असले तरी त्यांना ती वाचता येईल.

सोनचाफा

लिहून घेते. स्टिकर लावलेल्या कार्डाचा फोटो परवान्याच्या अर्जाला जोडला आहे आणि एक प्रत आज संध्याकाळी सचिवांकडे देते.